डोकं जागेवर, लक्ष कुठे?

हॉथॉर्न, १९९०

ग्लेनफेरी स्टेशनवर उतरा. इथे रूळ रस्त्याच्या वरून जातात, त्यामुळे जिन्याने खाली यावं लागतं. खाली ट्रामचा खडखडाट आणि मेलबर्नचा बोचरा वारा. खिसा चाचपू नका, मोबाइल अजून जन्माला यायचाय असंच समजा. स्टेशनला लागूनच स्विनबर्न इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. तिला विद्यापीठ व्हायला आणखी दोन वर्षं आहेत.

तुम्ही रिचर्ड सिल्बरस्टीन यांच्या प्रयोगशाळेत स्वयंसेवक म्हणून आला आहात. डोक्यावर हेल्मेट चढवलं जातं. आतून ६४ ठिकाणी इलेक्ट्रोड टाळूला टेकतात आणि जेलचा गारवा केसांच्या मुळाशी जाणवतो. डोळ्यांसमोर अर्धपारदर्शक आरसे आहेत. त्यांतून समोरचा पडदा नीट दिसतो, पण त्या दृश्यावर एक फिकट लुकलुक पसरलेली आहे. सेकंदाला तेरा वेळा. सुरुवातीला ती त्रास देते, मग सवय होते.

काम अगदी सोपं आहे. पडद्यावर साध्या आकृत्या येत राहतील, वेगळी आकृती केव्हा येते यावर नजर ठेवायची. इतकं सोपं काम नीट करणं किती अवघड, हे माणसाला दुसऱ्या महायुद्धात कळलं. रडारच्या पडद्यासमोर तासन्‌तास बसलेल्यांना ठिपके दिसेनासे का होतात, हे नॉर्मन मॅकवर्थ यांनी ब्रिटनमध्ये तपासलं आणि १९४८ मध्ये छापलं. त्यांच्या प्रयोगात एका घड्याळाचा काटा एकेक पाऊल पुढे सरकतो, मधूनच दोन पावलं उडी मारतो, ती उडी पकडायची. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या हातून उड्या निसटू लागल्या. डोळे उघडे, मान ताठ, आणि तरी उडी दिसली नाही.

आता तुमचंही तेच होतंय. आकृत्या येतायत, जातायत. परतीची ट्राम किती वाजता, हा विचार मनात डोकावतो. मॅकवर्थ यांच्या खोलीत हे कुणालाच कळलं नसतं. तिथे लक्षाचा पत्ता फक्त उडी आली की लागायचा. इथे मात्र ती तेराची लुकलुक चालू आहे. तुमचा मेंदू तिला त्याच तालात उत्तर देतोय आणि मागच्या यंत्रणेला मेंदूच्या बाकी लहरींच्या गोंगाटातून नेमकी तेरा हर्ट्झची लहर वेगळी काढता येते. तुम्ही पापणी मिटली, दात आवळले, तर त्याचा कचरा बहुतेक दुसऱ्याच वारंवारितांवर पडतो. लक्ष एकवटलं की टाळूवरच्या काही जागी ही लहर मोठी व्हावी असं वाटेल. घडतं उलट. ती लहान होते. वेगळी आकृती आलेली नसते त्या क्षणांतही लक्षाचा चढउतार कागदावर उमटत राहतो.

निघताना कुणी विचारत नाही, ‘लक्ष होतं ना?’ विचारायची गरजच उरलेली नाही.

त्याच प्रयोगशाळेत, १९९८

आठ वर्षं पुढे या. तीच लुकलुक, पण खुर्चीत आता शाळकरी मुलगा. स्विनबर्न आता विद्यापीठ आहे. सिल्बरस्टीन यांचा गट मानसोपचारतज्ज्ञ फ्लोरेन्स लेव्ही यांच्यासह अतिचंचल आणि लक्ष न ठरणाऱ्या, म्हणजे एडीएचडी असलेल्या मुलांचा अभ्यास करतोय. तो याच वर्षी ‘आर्काइव्ह्ज ऑफ जनरल सायकियाट्री’त छापून येतो.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं एकामागून एक येतात. ‘ए’ आला आणि त्याच्या मागोमाग ‘एक्स’ आला, तरच बटण. नुसत्या ‘एक्स’ला भुलायचं नाही. म्हणजे खरी कसोटी ‘ए’ दिसल्यापासून पुढचं अक्षर येईपर्यंतच्या क्षणांत आहे. हात थांबलेला असतो, मनाने तयारीत राहायचं असतं. ज्या मुलांना हा त्रास नाही, त्यांच्या डोक्यात या मधल्या क्षणी उजव्या कपाळामागच्या भागात लहर बदलते. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये तो बदल तसा दिसत नाही.

मुलाचा पाय खुर्चीखाली सारखा हलतोय. त्याच्याकडे बघताना एक पेच लक्षात येतो, तो मनात ठेवा, पुढे लागेल. ज्याचं लक्ष ठरत नाही त्याच्या मेंदूचा अभ्यास करायचाय. त्यासाठी त्याने लक्ष देऊन बसायला हवं. जी तक्रार घेऊन मूल आलंय तीच नोंद बिघडवते.

हायडलबर्ग, २००७

आता तुम्ही स्वयंसेवक नाही, पेशंट आहात. तुम्हाला फिट येतात, औषधांना दाद देत नाहीत. डाव्या कानशिलामागचा छोटा भाग काढला तर फिट थांबतील, असं डॉक्टरांना वाटतंय. पण तुमची भाषा मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात आहे, ते आधी कळायला हवं. म्हणून तुम्ही मेलबर्नच्या ईशान्येला, ऑस्टिन हेल्थच्या आवारातल्या ब्रेन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एमआरआयच्या नळीत आडवे आहात. ग्रॅम जॅक्सन यांनी उभारलेली ही संस्था पुढे फ्लोरी इन्स्टिट्यूटचा भाग होणार आहे.

डोक्याभोवती कॉइलचा पिंजरा, दोन्ही कानांशी उशा, हातात रबरी बल्ब. घाबरलात तर तो दाबायचा. यंत्राचा ठोका सुरू होतो.

आरशातून एक नाम दिसतं. त्याच्याशी जाणारं क्रियापद मनात म्हणायचं, मोठ्याने नाही, कारण जबडा हलला की डोकं हलतं आणि चित्र फिसकटतं. ‘चेंडू’ दिसला तर ‘फेकणं’. तुम्ही मनातल्या मनात सुरू करता. तिसऱ्या-चौथ्या शब्दापर्यंत इंग्रजीत चालतं, मग नकळत मराठीत, मग पार्किंगचं मीटर संपायला किती वेळ आहे याच्या हिशेबात. काचेपलीकडच्या टेक्निशियनला यातलं काही दिसत नाही. त्याला तुमचे पायमोजे दिसतात.

नुकसान काय होतं ते समजून घ्या. हे यंत्र विचार टिपत नाही. एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त ओढलं जातं, आणि चार-सहा सेकंदांनी चित्राच्या उजळपणात जेमतेम काही टक्क्यांचा फरक पडतो. गणित एकाच गोष्टीवर उभं असतं, ती म्हणजे ‘शब्द दिसत होते तेव्हा हा माणूस शब्दांचं काम करत होता’. तुम्ही डुलकी काढली असेल तर नकाशा फिका पडतो. फिका नकाशा पाहून सर्जनने काय समजावं? इथे भाषा नाही, की इथला माणूस झोपला होता? पहिलं उत्तर चुकीचं निघालं तर ते सुरीच्या टोकाशी निघतं.

म्हणून दुसरं काम दिलं जातं. दोन बनावट शब्द, ‘व्होप’ आणि ‘ग्लोप’ अशा धाटणीचे, कुठल्याच शब्दकोशात नसलेले. त्यांचं यमक जुळतं का? जुळलं तर बटण. आता मनात काय चाललंय याचा थोडा तरी माग बाहेर येतो. बटण वेळेवर येतंय, उशिरा येतंय, की येईनासंच झालंय, ते टेक्निशियनला कळतं. यमक ठरवायला शब्द मनात उच्चारावाच लागतो, त्यामुळे भाषेला कामाला लावणं आणि पेशंटवर नजर ठेवणं, दोन्ही एकाच प्रश्नात साधतं.

थोड्या वेळाने तुम्हाला पुन्हा आत घेतात. या वेळी डोक्यावर ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारी, टोपी आहे आणि तिच्यावर कार्बन फायबरच्या तारेची वेटोळी. रिचर्ड मास्टरटन, डेव्हिड अ‍ॅबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वर्षी ही युक्ती छापली आहे. प्रचंड चुंबकाच्या आत तारेचं वेटोळं जरा जरी हललं तरी त्यात वीज निर्माण होते. म्हणजे डोकं किती हललं, अगदी नाडीच्या ठोक्याने टाळू किती थरथरली, हे वेटोळंच सांगतं. ती हालचाल ईईजीतून वजा करायची, मग मेंदूच्या लहरी स्वच्छ उरतात.

तुम्ही आधीच्या धाकाने डोळे ताणून जागे राहता. इंटरकॉमवर आवाज येतो: ‘झोप आली तर झोपा, हरकत नाही.’ चकित होऊ नका. या वेळी त्यांना दोन फिटच्या मधल्या काळातल्या बारीक ठिणग्या पकडायच्या आहेत, आणि त्या पेंगताना, झोपेत जास्त उडतात. एकाच नळीत एका तासापूर्वी जी डुलकी चूक होती, ती आता हवीशी आहे. चांगल्या नोंदीसाठी माणूस कायम जागा हवा असं नाही. तो केव्हा कोणत्या अवस्थेत होता, हे कळायला हवं. ईईजीच्या रेघांत ते दिसतं: मिटल्या डोळ्यांची संथ लय विरते, मग झोपेच्या खुणा उमटतात.

नॉर्थ राइड, सिडनी, २०१०

दक्षिणेकडून वर या. मॅक्वॉरी विद्यापीठातल्या चुंबकरोधक खोलीचं दार बँकेच्या तिजोरीसारखं जाड आहे. आतल्या यंत्रात उणे २६९ अंशांचं द्रवरूप हेलियम भरलंय. त्यात बुडालेले सेन्सर मेंदूतल्या विजेमुळे तयार होणारं अतिक्षीण चुंबकत्व टिपतात. हे एमईजी. जपानच्या कानाझावा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीबरोबर मॅक्वॉरीने खास लहान मुलांच्या मापाचं यंत्र बनवलंय, ६४ सेन्सरचं. मोठ्यांच्या हेल्मेटमध्ये चार वर्षांच्या मुलाचं डोकं घातलं तर ते आत हिंदकळतं, आणि सेन्सर दूर गेला की खूण झपाट्याने मंदावते.

इथे काचेमागे बसू नका, आत जा. मूल आडवं झालंय, शेजारी एक संशोधक बसलाय, तोच त्याचा धीर आणि तोच पहारा. छतावर मुलाच्या आवडीचं कार्टून, पण आवाज बंद. कानात मात्र एकसारखे सूर वाजतायत, मधूनच एखादा वेगळा. त्या सुरांकडे लक्ष देऊ नकोस, असंच सांगितलंय. हेलसिंकीच्या रिस्टो नाटानेन यांनी १९७८ मध्ये दाखवलं होतं की वेगळा सूर आला की मेंदू स्वतःहून दचकतो, ऐकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असलं तरी. म्हणून इथे लक्ष सुरांवरून मुद्दाम काढून घेतलं जातं. एक मूल ऐकतंय, दुसरं कार्टून पाहतंय, तिसरं कंटाळून रडतंय, तर तिघांची तुलनाच होत नाही. तिघांचंही लक्ष कार्टूनवर असलं की बाकीचा फरक मेंदूचा.

डोक्यावर चिकटवलेल्या छोट्या कॉइल आधी आणि नंतर मोजल्या जातात. मधल्या काळात डोकं किती सरकलं ते त्यावरून कळतं. फार सरकलं असेल तर तेवढी मेहनत पाण्यात. मुलाला मात्र टाळ्या मिळतात.

पार्कव्हिल, मेलबर्न, २०१५

इथे ‘तुम्ही’ म्हणणं शोभणार नाही. तुझं वय दहा आहे.

आई-बाबांबरोबर तू पॉइंट कुकहून आलायस. शाळेत पहिलीत असताना टीचरने आणि आईने एक लांबलचक फॉर्म भरला होता. मेलबर्नच्या ४३ शाळांत मुलांच्या लक्षाचा अभ्यास सुरू झाला होता, त्याचा. आता त्याच मुलांचे एमआरआय काढतायत. टिम सिल्क आणि त्यांचा गट प्रत्येक मुलाला तीनदा बोलावणार आहे, साधारण दर दीड वर्षाने. एडीएचडी असलेली मुलं आणि नसलेली, दोघांचे मेंदू वाढताना कुठे वेगळे होतात, ते त्यांना बघायचंय.

रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलची इमारत चारच वर्षांची आहे. आत शिरल्यावर दोन मजली मत्स्यालय आणि पुढे खरेखुरे मीरकॅट. मीरकॅट मागच्या दोन पायांवर उभे राहून टकमक बघतात. तू काचेला नाक लावतोस. ‘चल ना रे, उशीर होतोय,’ आई म्हणते.

खऱ्या यंत्राच्या आधी खोटं यंत्र. तशीच नळी, तसाच सरकता पलंग, पण चुंबक नाही. अर्धा तास इथेच जातो. आधी यंत्राचा आवाज ऐकवतात, ठकठक, मग भोंगा, मग लाकूड कापावं तसं. एकेक आवाज दचकवून मग ओळखीचा होतो. ‘हललास की फोटो धूसर येतो,’ ताई सांगतात. तू स्टॅच्यूचा खेळ खेळावास तसा पडून राहतोस. नाकाला खाज येते. तुला कळतं की खाज काही वेळाने आपोआप जाते. खऱ्या यंत्रात जाण्याआधी शिकायची गोष्ट ही होती, ती शिकून झाली.

‘पाय पण नाही हलवायचे हं, सोन्या,’ आई आतल्या खोलीच्या दारापाशी म्हणते. तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र तिने आधीच काढून बाबांच्या खिशात ठेवलंय.

तू आत गेलायस, तोवर तुझ्या आई-बाबांना बाजूला घेऊन बोलता येईल. आता पुन्हा ‘तुम्ही’.

नोंदीच्या दर्जाबद्दल जगभर दोन धक्के नुकतेच बसलेत. पहिला २०१२ चा. अमेरिकेत जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डोकं मिलिमीटरच्या अंशाने हललं तरी मेंदूच्या भागांतले संबंध खोटे दिसतात. जवळचे भाग जास्त जोडलेले भासतात, लांबचे कमी. मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात. म्हणजे ‘वाढत्या वयाने मेंदूची जोडणी अशी बदलते’ म्हणून जे छापलं गेलं होतं, त्यातलं काही नुसत्या चुळबुळीचं होतं.

दुसरा २०१४ चा. एन्झो टाग्लियाझुची आणि हेल्मुट लाउफ्स यांनी अकराशेहून अधिक जणांच्या नोंदी तपासल्या. या सगळ्यांना फक्त सांगितलं होतं, ‘शांत पडून राहा.’ मेंदूच्या चित्रांवरून त्यांनी जाग आणि झोप ओळखली. जवळपास एक तृतीयांश लोक तिसरं मिनिट संपायच्या आत पेंगायला लागले होते. त्यांच्या नोंदी जाग्या मेंदूच्या म्हणून वापरल्या जात होत्या.

उपाय लगेच सुचतो: जो हलला, जो पेंगला, त्याची नोंद काढून टाका. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरच आहे. पण हॉथॉर्नच्या खुर्चीखालचा हलणारा पाय आठवा. एडीएचडीच्या अभ्यासातून हलणारी मुलं काढली तर उरतात कोण? त्यांच्यातली सर्वांत शांत मुलं. निदान तेच, पण त्रास कमी असलेली. मग निष्कर्ष येतो की फरक फारसा नाही, आणि ज्या मुलासाठी सगळा खटाटोप केला तेच मूल हिशेबातून गळलेलं असतं. फिटच्या पेशंटांतही तसंच: औषधांच्या गुंगीत जो पेंगतो, त्यालाच शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा असतो.

म्हणून त्या खोट्या यंत्रातल्या अर्ध्या तासाचं मोल सर्वांत जास्त. तिथे मुलाला नोंदीतून वगळत नाहीत, नोंद त्याच्या आवाक्यात आणून ठेवतात.

आज

आजच्या यंत्रात तुम्ही पहुडलात तर नजर चुकवणं अवघड आहे. एक कॅमेरा इन्फ्रारेड उजेडात तुमची बाहुली पाहतोय. पापणी जड झाली, बाहुली डगमगू लागली की पडद्यावर दिसतं. डोकं किती हललं याचा आकडा टेक्निशियनला तिथल्या तिथे मिळू शकतो. निको डोसेनबाख आणि डेमियन फेअर यांच्या गटाने २०१७ मध्ये त्यासाठी फर्म नावाची प्रणाली आणली. पुरेशी स्वच्छ मिनिटं जमली की स्कॅन थांबवता येतो, उगाच वीस मिनिटं झोपवून ठेवायची गरज नाही. पडद्यावरच्या नुसत्या अधिक चिन्हाकडे बघून मुलं कंटाळतात, म्हणून तमारा व्हँडरवाल यांनी ‘इन्स्केप्स’ ही सात मिनिटांची फिल्म बनवली. तिच्यात गोष्ट नाही, फक्त हळूहळू सरकणारे आकार. डोळे उघडे राहतील इतपत, पण मेंदू गोष्टीमागे धावणार नाही अशा बेताने.

ही सगळी साधनं पहारा ठेवू शकतात आणि मदतही करू शकतात. बाहुली मंदावली की ‘जागे राहा!’ असा आवाज येणं वेगळं आणि ‘थोडं थांबूया, पाणी हवंय का?’ असं विचारणं वेगळं. पहिल्याने माणूस दचकतो, डोकं हलतं आणि पुढची दोन मिनिटंही वाया जातात.

स्कॅन संपतो. पलंग बाहेर सरकतो, कानातले बोळे काढताना इंटरकॉम विचारतो, ‘मध्ये झोप लागली होती का?’

आपल्याकडच्या माणसाच्या तोंडी एकच उत्तर ठरलेलं असतं: ‘छे छे, अजिबात नाही.’ समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून, परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटू नये म्हणून. इथे परीक्षा नाहीच. सांगून टाका की यमकांच्या मध्येच कधीतरी डोळा लागला, मग भोंग्याने जाग आली. टेक्निशियन तुमच्या बटणांच्या नोंदीशी ते ताडून बघेल आणि दोन्ही जुळलं तर फायलीत लिहील. दहा मिनिटांतली चार झोपेची म्हणून वेगळी पडतील, सहा जागेपणाची म्हणून उरतील, आणि सर्जन त्या सहांवर विसंबून सुरी कुठवर न्यायची ते ठरवू शकेल.